स्कॉट्सडेलचा स्टेडियम कोर्स: वाळवंटातील एका प्रसिद्ध सार्वजनिक गोल्फ मैदानावर खेळायला जाण्यापूर्वी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून असलेल्या स्कॉट्सडेल येथे 'टूर्नामेंट प्लेअर्स क्लब', म्हणजेच टीपीसी स्कॉट्सडेल नावाचे गोल्फ संकुल आहे. त्यातील स्टेडियम कोर्सवर 1987 पासून दरवर्षी पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ मालिकेची फिनिक्स ओपन स्पर्धा भरते. सोळाव्या होलभोवती उभ्या राहणाऱ्या प्रचंड प्रेक्षागारामुळे हे मैदान जगभर ओळखले जाते. ज्या मैदानावर टायगर वुड्सने 1997 साली तुफान गर्दीसमोर होल-इन-वन मारला (पहिल्याच फटक्यात चेंडू थेट होलमध्ये घातला), तेच मैदान वर्षातील उरलेल्या बहुतेक दिवसांत सदस्यत्वाची कोणतीही अट न घालता, शुल्क भरणाऱ्या कोणालाही खेळायला खुले असते. मुंबईतील विलिंग्डन किंवा बॉम्बे प्रेसिडेन्सी अशा क्लबांमध्ये सदस्याची ओळख असल्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही, या सवयीतून आलेल्या मराठी खेळाडूला हे थोडे अविश्वसनीय वाटते. खारघरचे सिडकोचे मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांना मात्र सार्वजनिक मैदानाची ही पद्धत परिचित असेल.

हा लेख मुख्यतः दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. फिनिक्स, टेंपी किंवा चँडलर परिसरात नोकरीनिमित्त राहणारे आणि अलीकडेच गोल्फकडे वळलेले मराठी लोक, आणि मुलांकडे किंवा कामानिमित्त अमेरिकेत जाणार असून त्या प्रवासातच एक फेरी खेळून घ्यावी असा बेत करणारे महाराष्ट्रातील खेळाडू. माझे मत आधीच सांगतो: हे मैदान मध्यम दर्जाच्या खेळाडूलाही झेपते, कठीण असते ती तारीख निवडणे. गवत, भाडे, ऊन आणि ते सुप्रसिद्ध स्टँड या चारही गोष्टी महिन्यागणिक बदलतात आणि चारही एकदम मनासारख्या मिळत नाहीत. म्हणून आपल्याला यांपैकी काय हवे आहे हे आरक्षणापूर्वीच ठरवावे लागते.

मैदानाची ओळख

संकुलात अठरा होलची दोन मैदाने आहेत. स्टेडियम कोर्स हा टॉम वाइस्कॉफ आणि जे मॉरिश या जोडीने आखला आणि तो 1986 च्या सुमारास खेळासाठी खुला झाला. वाइस्कॉफ हा 1973 सालच्या ब्रिटिश ओपनचा विजेता. 2014 साली त्यानेच या मैदानाचे मोठे नूतनीकरण केले; त्यात काही ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) हलवण्यात आली आणि बंकरांची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांची, रचना बदलली. स्पर्धेच्या वेळी मैदानाची लांबी 7,261 यार्ड आणि पार, म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या, 71 असते. शेजारचा चॅम्पियन्स कोर्स तुलनेने स्वस्त असून स्वतंत्रपणे खेळण्यासारखा आहे. पण आरक्षण करताना दोन्ही नावे एकाच पानावर दिसतात, तेव्हा आपण कोणत्या मैदानाची वेळ घेत आहोत हे नीट पाहावे.

ही जमीन मुळात केंद्र सरकारच्या ब्यूरो ऑफ रेक्लमेशन या जलसिंचन खात्याची आहे आणि स्कॉट्सडेल नगरपालिकेने ती वापरासाठी घेतलेली आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी वाळवंटात आणणाऱ्या सेंट्रल ॲरिझोना प्रकल्पाच्या कालव्याला पावसाळी लोंढ्यांपासून वाचवण्यासाठी जो बांध घातला, त्याच्या मागील पूर-साठवणीच्या सपाट पट्ट्यात हे मैदान वसवले आहे. त्यामुळे इथे नैसर्गिक चढ-उतार जवळजवळ नाहीत. जे उंचवटे दिसतात ते माती हलवून केलेले आहेत आणि त्यांचा एक हेतू प्रेक्षकांना उतारावर बसून खेळ पाहता यावा हाही आहे. 'स्टेडियम' या नावामागील कल्पना हीच. डोंगर म्हणून दिसते ती ईशान्येकडील मॅक्डॉवेल रांग, तीही दूरवर.

कोणत्या महिन्यात जावे

स्कॉट्सडेलमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा मोसम. जानेवारीत दुपारचे तापमान वीस अंशांच्या आसपास असते, आकाश निरभ्र असते, आणि अमेरिकेच्या थंड राज्यांतील गोल्फर थव्याने येतात. साहजिकच भाडेही त्याच काळात शिखरावर जाते. या मैदानाचे दर विमानाच्या तिकिटांप्रमाणे मागणीनुसार वर-खाली होतात; मोसमातील चांगल्या सकाळच्या वेळेसाठी कित्येक शे डॉलर मोजावे लागतात, तर भर उन्हाळ्यातील दुपारी तेच मैदान त्याच्या अंशभर किमतीत मिळते. म्हणून इथे कोणताही ठरावीक आकडा दिलेला नाही. आपल्या तारखेचा दर आरक्षणाच्या पानावर पाहावा आणि त्यात कर, गोल्फ कार्ट व सरावाचे चेंडू धरलेले आहेत की नाहीत हे वाचावे.

उन्हाळ्याचा स्वस्त दर पाहून भारतीय माणूस सहज म्हणतो की आपल्याला उन्हाची सवय आहे. विदर्भातील खेळाडू हे म्हणाला तर त्यात थोडे तथ्य असेल. बाकीच्यांनी विचार करावा. जुलैमध्ये कमाल तापमान सरासरीनेच चाळीस अंशांच्या पुढे असते आणि 2023 साली फिनिक्समध्ये सलग 31 दिवस ते 43 अंशांच्या वर गेले होते. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, आणि म्हणून शरीरातील पाणी किती गेले याचा अंदाज चुकतो. उन्हाळ्यात खेळायचेच असेल तर सूर्योदयाची पहिली वेळ घ्यावी. जूनमध्ये साडेपाचच्या आधीच उजाडते आणि दहाच्या सुमारास फेरी संपवून सावलीत जाता येते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथलाही मान्सून असतो. तो आपल्यासारखा दिवसचे दिवस कोसळत नाही, मात्र संध्याकाळी अचानक विजा, वादळ आणि धुळीची भिंत घेऊन येतो. विजेचा इशारा देणारा भोंगा वाजला की चेंडू जागेवर ठेवून निघावे; नियमही त्याला परवानगी देतात.

गवताचे वेळापत्रक हा भाग पर्यटकांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. इथले मूळ गवत बर्म्युडा जातीचे आहे. ते उन्हाळ्यात जोमाने वाढते आणि थंडी पडली की झोपी जाऊन पिवळट तपकिरी होते. हिवाळ्यातील पाहुण्यांना दूरदर्शनवर दिसते तसे हिरवेगार मैदान हवे असते; त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बर्म्युडा अगदी मुळाशी कापतात आणि त्यावर राय गवताचे बी पेरून भरपूर पाणी देतात. या पेरणीसाठी मैदान काही आठवडे बंद असते. पुन्हा उघडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत राय गवत कोवळे, जमीन ओलसर आणि ग्रीन जरा संथ असतात, शिवाय कार्ट फक्त पक्क्या वाटेवरूनच चालवावी लागते. म्हणजे प्रत्येक फटक्यासाठी वाटेपासून चेंडूपर्यंत दोन-तीन क्लब (गोल्फच्या काठ्या) हातात घेऊन चालत जाणे आले. गुडघे दुखणाऱ्यांनी हा काळ टाळावा. मे-जूनमध्ये उलटा प्रवास सुरू होतो, राय गवत उन्हाने मरते आणि बर्म्युडा डोके वर काढतो. त्या दिवसांत फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारे कापलेल्या गवताचे पट्टे, ठिगळ लावल्यासारखे दिसतात. गवत पूर्ण भरात पाहायचे असेल तर डिसेंबर ते एप्रिलचा मध्य हा काळ उत्तम.

आता स्टँडविषयी. अनेकांचा असा समज असतो की सोळाव्या होलचे प्रेक्षागार कायमस्वरूपी आहे. तसे नाही. ते स्पर्धेसाठी दरवर्षी उभारतात आणि नंतर उतरवतात. स्पर्धा फेब्रुवारीत, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आठवड्यात असते. उभारणीचे काम शरद ऋतूतच सुरू होते आणि स्पर्धेनंतर सगळे मोकळे व्हायला काही आठवडे लागतात. थोडक्यात, डिसेंबर किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात गेल्यास उभ्या स्टँडमधून खेळण्याची शक्यता सर्वाधिक असते, मात्र इतरत्र तंबू, केबल आणि कामगारांची ये-जाही सोसावी लागते. स्पर्धेच्या आधी आणि स्पर्धेच्या आठवड्यात मैदान सर्वसामान्यांसाठी बंद असते. ज्याला स्टँडमध्येच खेळायचे आहे त्याने आरक्षणापूर्वी प्रो-शॉपला, म्हणजे मैदानावरील दुकान-कार्यालयाला, फोन करून 'त्या तारखेला सोळाव्या होलचे स्टँड उभे असेल का' असे थेट विचारावे. उन्हाळ्यात तोच होल उघड्या माळावरचा एक साधा छोटा पार-3 असतो, आणि ज्याने केवळ त्याच्यासाठी एवढा प्रवास केला त्याची निराशा होते.

मला स्वतःला एकच महिना निवडायला सांगितला तर मी जानेवारीचा पहिला पंधरवडा निवडेन. भाडे चढे असते, सकाळी कुडकुडायला होते, पण गवत आणि स्टँड ही दोन्ही सुखे एकदम मिळतात. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत आणि स्टँडचे आकर्षण नाही त्यांनी एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ पाहावा.

आरक्षण आणि तिथे पोहोचणे

टी टाइमचे, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या वेळेचे, आरक्षण मैदानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावे. एकट्या खेळाडूलाही वेळ मिळते, मात्र त्याला दोन किंवा तीन अनोळखी खेळाडूंच्या गटात जोडले जाते. यात संकोच करण्याचे कारण नाही. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवर) नाव सांगून हस्तांदोलन करायचे आणि शेवटच्या ग्रीनवर टोपी काढून पुन्हा करायचे, एवढा शिष्टाचार पुरतो. रद्द करण्याची मुदत आधी वाचावी, कारण मुदतीनंतर रद्द केल्यास पूर्ण रक्कम जाऊ शकते. संकुलाला लागूनच असलेल्या फेअरमाँट स्कॉट्सडेल प्रिन्सेस या हॉटेलात राहणाऱ्यांसाठी निवास आणि गोल्फ एकत्र देणाऱ्या योजना असतात. हॉटेल महागडे आहे, तेव्हा हिशेब करूनच निर्णय घ्यावा.

दुपारनंतरच्या सवलतीच्या वेळा आकर्षक वाटतात, पण डिसेंबरमध्ये साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. साधारण साडेचार तासांची फेरी धरली तर एक वाजता सुरू करणाऱ्याला शेवटचे दोन होल संधिप्रकाशात खेळावे लागतील, आणि प्रसिद्ध होल नेमके शेवटीच आहेत. ॲरिझोनाच्या बहुतांश भागात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे भारतीय वेळेशी फरक बाराही महिने साडेबारा तासांचा राहतो. घरच्यांना फोन करायला किंवा भारतातून प्रो-शॉपशी बोलायला हे सोयीचे पडते.

भारतातून फिनिक्सला थेट विमान नाही. अमेरिकेतील किंवा युरोपातील एखाद्या विमानतळावर बदल करावा लागतो. फिनिक्सच्या स्काय हार्बर विमानतळापासून मैदान सुमारे 35 किलोमीटर असून 101 क्रमांकाच्या वळसा-महामार्गाने अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येते. सार्वजनिक वाहतूक इथे उपयोगाची नाही, भाड्याची मोटार किंवा ॲपवरील टॅक्सी हेच पर्याय आहेत. स्वतःचे क्लब न्यायचे असतील तर प्रवासी कव्हर घालून, ड्रायव्हरचे डोके टॉवेलात गुंडाळून ती बॅग सामानात द्यावी. अमेरिकेत बाहेरची माती आणायला बंदी आहे, म्हणून गोल्फचे बूट पुण्या-मुंबईच्या मातीसकट न नेता तळवे ब्रशने घासून, धुऊन आणि वाळवून न्यावेत. एकाच फेरीसाठी एवढा खटाटोप नको असेल तर संकुलात चांगले क्लब भाड्याने मिळतात. बूट, मोजा आणि हातमोजा मात्र स्वतःचाच असावा.

सोबत काय न्यावे

पोशाखाचे नियम नेहमीचेच आहेत: कॉलरचा शर्ट, सुती पँट किंवा गुडघ्यापर्यंतची चड्डी, जीन्स नको, बुटांना मऊ स्पाइक. हिवाळ्यात पहाटे पाच-सहा अंश आणि दुपारी वीस, असा फरक एकाच फेरीत पडतो, म्हणून एकावर एक घातलेले आणि एकेक उतरवता येणारे कपडे लागतात. रुंद काठाची टोपी, उन्हाचे मलम आणि ओठांना लावायचे मलम हिवाळ्यातही न्यावे.

मोसमात पहाटेची वेळ घेतली असेल तर दवबिंदू गोठल्यामुळे सुरुवात लांबू शकते. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की त्याच्या पेशी फुटतात आणि एक-दोन दिवसांनी तिथे काळपट पावलांचे ठसे उमटतात. म्हणून हिम वितळेपर्यंत कोणालाही ग्रीनवर सोडत नाहीत. अशा दिवशी त्यानंतरच्या सर्व वेळा पुढे सरकतात, तेव्हा त्याच दुपारचे विमान धरू नये.

आणखी तीन वस्तू पिशवीत टाकाव्यात, ज्या आपल्याकडच्या मैदानावर कधी लागत नाहीत. एक जुना, ओरखडे पडले तरी चालेल असा लोखंडी क्लब, एक रुंद दातांचा साधा कंगवा आणि एक छोटा चिमटा. ॲरिझोनात चोया नावाचे निवडुंग असते. त्याचे काटेरी तुकडे नुसत्या स्पर्शाने सुटून कपड्याला, बुटाला किंवा पोटरीला चिकटतात, जणू उडी मारूनच येतात. हाताने काढायला गेले की ते बोटांत रुततात. कंगव्याचे दात तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवून एका झटक्याने तो दूर उडवायचा आणि राहिलेले काटे चिमट्याने उपटायचे, ही तिथल्या रहिवाशांची रीत आहे.

मैदानावर पोहोचल्यावर

टी टाइमच्या किमान तासभर आधी पोहोचावे. मोटारीतून उतरताच कर्मचारी बॅग उचलून कार्टवर लावतात. त्यांना दोन ते पाच डॉलर देण्याची पद्धत आहे, म्हणून सुट्या नोटा खिशात ठेवाव्यात. त्यानंतर प्रो-शॉपमध्ये नोंद करावी आणि तिथेच त्या दिवसाचे कार्टचे नियम, ग्रीनवरील झेंड्यांच्या जागा आणि स्कोअरकार्डावर छापलेले स्थानिक नियम पाहून घ्यावेत.

महाराष्ट्रातील बहुतेक मैदानांवर कॅडी सोबत असतो. तो चेंडू शोधतो, बंकर सारखा करतो, पटची (ग्रीनवरील हलक्या फटक्याची) दिशा सांगतो आणि आपल्याला त्याची इतकी सवय झालेली असते की ही कामे आपली आहेत याचा विसर पडतो. इथे कार्ट मिळते, कॅडी सहसा सोबत नसतो. बंकरमधून बाहेर पडल्यावर वाळूवर दाताळे फिरवणे, ग्रीनवर चेंडू आपटून झालेला खळगा नीट करणे, फेअरवेवर उखडलेल्या गवताच्या जागी कार्टमधील वाळू-बियाण्याचे मिश्रण टाकणे, हे सर्व स्वतःच करायचे असते. मागचे लोक थांबलेले असताना हे न करता पुढे गेल्यास सोबतचे खेळाडू बोलत नाहीत, पण पाहतात.

टी कोणती निवडावी याबाबत अभिमान घरी ठेवावा. अमेरिकेत एक सोपा ठोकताळा वापरतात: आपला पाच नंबरचा लोखंडी क्लब जितके यार्ड जातो त्याला 36 ने गुणावे, येणारा आकडा म्हणजे आपल्याला साजेशी मैदानाची लांबी. पाच नंबरने 160 यार्ड मारणाऱ्याला 5,760 यार्ड येतात. अशा खेळाडूने स्पर्धकांच्या मागच्या टीवरून खेळण्याचा हट्ट धरला तर पार-4 चे होल त्याला दोन फटक्यांत आवाक्यात येणार नाहीत आणि दिवस पाण्यात जाईल.

अंतराबद्दल एक खुलासा. वाळवंटात चेंडू फार लांब जातो असे ऐकलेले असते. हे मैदान समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे, म्हणजे पुण्याहून थोडे खालीच. पुण्याच्या खेळाडूला उंचीसाठी काहीही बदल करावा लागत नाही आणि मुंबईकराला फार तर दोन-चार यार्ड जास्त मिळतील. खरा फरक तापमानाचा पडतो. पहाटेच्या थंडीत चेंडू जड होतो, दुपारी मोकळा उडतो, त्यामुळे पहिल्या काही होलवर एक क्लब जास्त घ्यावा.

वाळवंटात चेंडू गेल्यावर

फेअरवेच्या हिरव्या पट्ट्यापलीकडे बारीक खडी, झुडपे आणि निवडुंग सुरू होतात. इतर काही वाळवंटी मैदानांच्या मानाने स्टेडियम कोर्सचे फेअरवे ऐसपैस आहेत, तरी चार-पाच वेळा तरी चेंडू त्या खडीत जाणारच. तेव्हा काय करायचे याचा निर्णय आधीच झालेला असावा.

पहिली गोष्ट म्हणजे चेंडू हरवण्याची शंका आली की लगेच तात्पुरता दुसरा चेंडू मारावा. शोधायला तीनच मिनिटे मिळतात. वसंतापासून शरदापर्यंत खडखड्या साप बाहेर असतात, म्हणून झुडपाच्या बुडाशी किंवा दगडाआड हात घालू नये. आधी क्लबने चाचपावे. चेंडूची किंमत चार-पाच डॉलर, सर्पदंशाच्या उपचाराचे अमेरिकेतील बिल वेगळेच. साप चेंडूजवळच बसलेला असेल तर नियमांत त्याची खास तरतूद आहे: खडखड्या साप किंवा मधमाश्या यांसारख्या धोकादायक प्राण्यांमुळे खेळता येत नसेल तर दंडाशिवाय सुरक्षित जागी चेंडू सोडता येतो. निवडुंगाच्या बाबतीत मात्र ही दया नाही. निवडुंगात अडकलेला चेंडू खेळता येत नसेल तर एक फटक्याचा दंड घेऊन, दोन क्लब-लांबीच्या आत किंवा झेंड्याच्या रेषेत मागे जाऊन सोडावा, नाहीतर आधीच्या जागेवरून पुन्हा मारावा. काटे टोचू नयेत म्हणून टॉवेल स्वतःच्या पायांभोवती गुंडाळून उभे राहणे चालते. तोच टॉवेल निवडुंगावर टाकून उभे राहणे चालत नाही, कारण मग आपण उभे राहण्याची जागा सुधारली असे होते. या मैदानावर वाळवंटाचे कोणते भाग लाल खुंट्यांनी दंडक्षेत्र म्हणून आखले आहेत हे त्या दिवशीच्या स्कोअरकार्डावर पाहावे.

सुटे खडे चेंडूभोवतीचे काढता येतात, मात्र काढताना चेंडू हलला तर एक फटका दंड. या नियमाचा सर्वांत गाजलेला दाखला याच मैदानाच्या तेराव्या होलवर घडला. 1999 सालच्या स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी टायगर वुड्सचा चेंडू वाळवंटात एका भल्यामोठ्या दगडाच्या मागे जाऊन थांबला. तो दगड जमिनीत रुतलेला नव्हता, म्हणून नियमानुसार तो सुटाच ठरला; दहा-बारा प्रेक्षकांनी मिळून तो ढकलून बाजूला केला आणि वुड्सने त्या होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) केली. आपल्याजवळ एवढे प्रेक्षक नसतात, तेव्हा आपण छोट्या खड्यांवर समाधान मानावे.

खडीतून मारताना हवरटपणा करू नये. जुना लोखंडी क्लब घ्यावा, चेंडू पायांच्या मध्यापेक्षा थोडा मागे ठेवावा आणि सर्वांत जवळच्या फेअरवेकडे आडवा का होईना बाहेर काढावा. बाहुधारी मोठ्या साग्वारो निवडुंगांना तर कधीच क्लब लागू देऊ नये. त्यांना पहिली भुजा फुटायलाच पन्नास ते शंभर वर्षे लागतात आणि राज्याच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

शेवटचे चार होल

पहिले चौदा होल चांगले आहेत, पण त्यांच्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. तिसरा आणि तेरावा हे लांब पार-5, अकराव्याला डाव्या बाजूने पाणी, चौदावा स्पर्धेच्या टीवरून 490 यार्डांचा पार-4, जो आपल्यासारख्यांनी तीन फटक्यांचाच समजावा. या टप्प्यात शक्ती राखावी, तासाला अर्धा ते एक लिटर पाणी प्यावे आणि पंधराव्या टीपर्यंत डोके शांत ठेवावे.

पंधरावा 553 यार्डांचा पार-5 असून त्याचे ग्रीन पाण्याने वेढलेले आहे. व्यावसायिक खेळाडू तिथे दुसऱ्या फटक्यात पोहोचतात आणि दूरदर्शनवर ते सोपे दिसते. सामान्य खेळाडूने दुसरा फटका असा मारावा की तिसऱ्यासाठी आपल्या सर्वांत विश्वासाच्या वेजचे (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबचे) पूर्ण अंतर उरेल. पन्नास यार्डांचा अर्धवट फटका पाण्यावरून मारण्यापेक्षा नव्वद यार्डांचा पूर्ण फटका केव्हाही बरा.

सोळावा स्पर्धेच्या टीवरून 163 यार्डांचा. आपण खेळतो तेव्हा त्याहून कमीच. तांत्रिकदृष्ट्या हा मैदानावरील सोप्या होलांपैकी एक: पाणी नाही, चढ नाही, ग्रीनभोवती बंकर आणि मध्ये भरपूर जागा. स्टँड उभे असेल तर खेळाडूंसाठी ठेवलेल्या बोगद्यासारख्या वाटेतून आत यावे लागते आणि चारही बाजूंनी रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा वर चढत गेलेल्या दिसतात. इथे दोन गोष्टींचे भान ठेवावे. स्टँडच्या आडोशामुळे टीवर वारा जाणवत नाही, चेंडू मात्र वर गेल्यावर वाऱ्यात सापडतो; म्हणून वरच्या मजल्यावरील झेंडे किंवा कापड हलताना दिसते का ते पाहावे. दुसरे, छायाचित्रे आणि चित्रफिती आपल्या पाळीची वाट पाहत असताना काढाव्यात. झेंडा कोपऱ्यात असला तरी ग्रीनच्या मध्यावरच मारावे. 2022 साली सॅम रायडरने शनिवारी आणि कार्लोस ऑर्टिझने रविवारी इथे होल-इन-वन मारला, तेव्हा प्रेक्षकांनी बिअरच्या पेल्यांचा पाऊस पाडला होता. आपल्याला सोबतच्या तिघांच्या टाळ्यांवर भागवावे लागेल.

माझ्या मते मैदानावरील सर्वोत्तम होल सतरावा आहे. 332 यार्डांचा हा पार-4 लांब मारणाऱ्याला थेट ग्रीनवर पोहोचण्याचे आमिष दाखवतो आणि ग्रीनच्या डाव्या अंगाला व मागे पाणी ठेवतो. वाइस्कॉफला असे होल आखण्याची आवडच होती. 2001 साली अँड्र्यू मॅगीने टीवरून मारलेला चेंडू ग्रीनवर आधीच्या गटातील टॉम बायरमच्या पटरला लागून थेट होलमध्ये गेला. पीजीए टूरच्या इतिहासातील पार-4 वरचा तो पहिला होल-इन-वन. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे हायब्रिड क्लबने फेअरवेच्या उजव्या अर्ध्यात चेंडू ठेवून छोट्या क्लबने ग्रीन गाठावे. पुढचा गट ग्रीनवरून उतरेपर्यंत ड्रायव्हर मारू नये, मॅगीचे उदाहरण कितीही सुखावह असले तरी.

अठराव्याच्या डाव्या बाजूला तळे आहे. ते कापून जाण्याचा मोह टाळून उजवीकडे मारावे. उजवीकडून दुसरा फटका लांब होतो, पण चेंडू कोरडा राहतो.

दोन दिवस हाताशी असतील तर

प्रवासाचा शीण आणि बदललेली वेळ यांमुळे पहिल्याच दिवशी स्टेडियम कोर्सवर जाणे परवडत नाही. आदल्या दिवशी फिनिक्स महानगरपालिकेच्या पापागो मैदानावर खेळावे. 1963 पासूनचे हे मैदान विमानतळाजवळ, तांबड्या वालुकाश्माच्या टेकड्यांच्या कुशीत आहे आणि भाड्याच्या मानाने फार चांगले आहे. खडीतून चेंडू कसा निघतो, राय गवतावर क्लब कसा चालतो आणि कोरड्या हवेत किती पाणी लागते याचा अंदाज तिथे कमी खर्चात येतो. वाळवंटी गोल्फची खरी अरुंद, खडकाळ जात पाहायची असेल तर उत्तर स्कॉट्सडेलमधील ट्रून नॉर्थला जावे. त्याचे पहिले मैदानही वाइस्कॉफ-मॉरिश जोडीचेच आहे.

फेरी झाल्यावर स्कोअरकार्ड फेकू नये. भारतातील हँडिकॅप (खेळाडूचा दर्जा दाखवणारा आकडा) आता जागतिक पद्धतीनेच मोजला जातो, त्यामुळे परदेशातील फेरीही त्यात धरता येते. त्यासाठी आपण खेळलेल्या टीचे कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग हे मैदानाचे काठिण्य दाखवणारे दोन आकडे, तारीख आणि सोबतच्या खेळाडूची सही कार्डावर असल्याची खात्री प्रो-शॉपमधून बाहेर पडण्यापूर्वी करून घ्यावी आणि परतल्यावर ते आपल्या क्लबच्या हँडिकॅप समितीकडे द्यावे.